आईच्या हातांची वाटेकरीण

एप्रिल उजाडला की बंगळुरातल्या विजेच्या खांबांना उन्हाळी शिबिरांचे कागद चिकटू लागतात. पोहणं, अबॅकस, रोबोटिक्स, वेदिक गणित, सुंदर हस्ताक्षर. मुलांना सुट्टी दिलीच कशाला, असं वाटावं इतकी शिबिरं. राजाजीनगरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर तर एकावर एक इतके कागद चढतात की खांब जाड दिसायला लागतो. ऑफिसची बस गाठताना मी ते सगळे वाचते, कारण त्यांतल्या एकाशीही माझं भांडण नाही.

ज्या शिबिराशी माझं भांडण आहे त्याचा कागद खांबावर नसतो. तो फोनवर येतो, आणि तो मला पाठवते माझी आईच. कर्णबधिर मुलांसाठी, आणि खुणांची भाषा शिकायची आहे अशा ऐकू येणाऱ्या मुलांसाठी, दोन आठवडे, कोरमंगला. खाली दोन फोटो, एक आईचा आणि एक रेवाचा, शेजारी शेजारी. यंदाही तसेच आहेत. आई फोटोत हसते आहे, रेवाही हसते आहे, आणि दोघी एकाच बाजूला बघताहेत. मी आईला अंगठा पाठवला आणि फोन उपडा ठेवला.

मी एकोणतीस वर्षांची आहे. कंपन्यांची सॉफ्टवेअर्स तपासून त्यांतल्या चुका काढण्याची नोकरी करते. एका फोटोवरून पोटात दुखावं असं हे वय नाही, हे मला समजतं. समजून उपयोग होत नाही.

आईला जन्मापासून ऐकू येत नाही. यापुढं मी ‘आई म्हणाली’ असं लिहीन, ते हातांनी असं समजावं. ती लहानपणी कर्णबधिर मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत वाढली, तिथं तिला तिची भाषा मिळाली, आणि मग लग्न होऊन ती आमच्या घरात आली, जिथं ती भाषा कुणालाच येत नव्हती. माझे वडील, अण्णा, शिंपी. आमची माणसं या गावात इतक्या पिढ्यांपासून आहेत की मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत तेवढी उरली आहे, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की कन्नड सुरू होते. आईची तिसरी भाषा शिकायला अण्णांना कधी सवड झाली नाही. जेवण, चहा, गिऱ्हाईक, कुठे आणि पुरे, एवढ्या पाच खुणांवर त्यांनी संसार केला. आईला हाक मारायची झाली तर ते खडूचा बारीक तुकडा तिच्या पाठीवर फेकायचे. नेम चांगला होता त्यांचा.

मग मी झाले. मी बोबडं बोलायच्या आधी हातांनी दूध मागितलं, असं अण्णा सांगतात. पाच वर्षांची असताना मी गॅसवाल्याशी, भाजीवालीशी, ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायकांशी आईच्या वतीनं बोलत होते. शाळेत पालकांची बैठक असली की बाई माझ्या तक्रारी मलाच सांगायच्या आणि मी त्या उभ्या उभ्या आईला सांगायची. गणितात लक्ष नाही, वर्गात बडबड करते, वही अपुरी. मी त्यातलं एक अक्षर खाल्लं नाही कधी. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

शेजारच्या बायका म्हणायच्या, “केवढीशी पोर, आणि केवढी जबाबदारी.” मला त्यांची कीव यायची. त्यांना माझ्यासारखी आई नव्हती, जिचं सगळं जग माझ्या हातांतून जायचं.

त्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची होते. फिलिप सर आमच्या घरी आले. ते आईच्या शाळेतले, तिच्यासारखेच ऐकू न येणारे. दोघं खिडकीपाशी उजेडात बसली आणि दोन तास बोलली. चहावर साय आली, अण्णा दोनदा आत डोकावून गेले. कोरमंगल्यातल्या एका शाळेचे वर्ग सुट्टीत मोकळे होते, तिथं सरांना शिबिर घ्यायचं होतं. त्यांना शिक्षक मिळाले होते, पण मोठ्या वयाची, ऐकू न येणारी बाई हवी होती. ते म्हणाले, “आपल्या या मुलांना घरात, शाळेत, रस्त्यावर सगळी ऐकणारीच माणसं दिसतात. एक मुलगा मला म्हणाला, मोठा झालो की मला ऐकू यायला लागेल ना? त्यानं बहिरा मोठा माणूस पाहिलाच नव्हता. तू ये. हवं तर शिवण शिकव. नुसती बस त्यांच्यात.”

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “तू येशील ना बरोबर? बसमध्ये, तिथं, कुणी काही बोललं तर?”

येणार म्हणजे काय. माझ्याशिवाय ती पलीकडच्या रस्त्यावरही जात नव्हती.

राजाजीनगरहून मॅजेस्टिक, तिथं बस बदलून कोरमंगला. सकाळी आठलाच ऊन चढलेलं असायचं. आई खिडकीत, मी शेजारी, मांडीवर शिवणाची पिशवी. आई बसमध्ये दोन्ही हातांनी मोकळं बोलायची आणि लोक वळून बघायचे. मी त्यांच्याकडे डोळे वटारून परत बघायची. कंडक्टर “मुंदे होगि” म्हणजे पुढे सरका असं ओरडत यायचा, आणि मी आईच्या खांद्याला हात लावून तिला पुढे सरकवायची. त्या हात लावण्यात माझी केवढी ऐट होती ते आता आठवलं की मला लाज वाटते आणि हेवाही वाटतो. स्वतःचाच.

शिबिराचा हॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की तो शांत असेल. बाकं थडाथड वाजत होती. ऐकू न येणारी वीस-बावीस मुलं, ती मोठ्यानं हसतात, पाय आपटून एकमेकांना हाक मारतात, आणि आपला आवाज किती होतो याची त्यांना पर्वा नसते. शिकायला आलेली ऐकणारी दहा-बारा मुलं मात्र भिंतीला चिकटून गप्प उभी. सगळ्यांचं लक्ष हवं असलं की फिलिप सर दिवे दोनदा बंद-चालू करायचे. टाळ्या म्हणजे वर केलेले, हवेत फिरणारे हात. जेवायला तासभर लागायचा, कारण घास हातात असला की बोलता येत नाही आणि बोलायला लागलं की घास राहतो. दही-भाताचे डबे, लोणच्याची फोड, तोतापुरीच्या तिखट-मीठ लावलेल्या फाका, आणि त्यांतून उडणारे हात. दुपारी वीज गेली की सगळी मुलं आपणहून खिडकीकडे सरकायची, बोलणं न थांबवता.

दुसऱ्या दिवशी आईनं नावं ठेवली.

ऐकू न येणाऱ्यांच्यात अशी पद्धत आहे. आई-वडिलांनी कागदावर काय ठेवलंय ते राहू दे, माणसाला एक खुणेचं नाव लागतं, आणि ते आपणच आपलं घ्यायचं नसतं. बहिऱ्या माणसानं बघून द्यायचं असतं. आई एकेका मुलासमोर बसायची, त्याला नीट बघायची, हनुवटीला धरून इकडून तिकडून बघायची, आणि नाव द्यायची. गालावर खळी म्हणून एक बोट गालात. सारखा चष्मा वर करणारा, म्हणून चष्मा वर करण्याची खूण. दोन दिवसांत तीसेक नावं झाली. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. माझं नाव म्हणजे मूठ डोळ्यावर चोळायची, कारण मी बाळपणी रात्रंदिवस रडायची. रडकी. तेरा वर्षं मी ते नाव मिरवलं, कारण मला वाटत होतं की आईनं जगात नाव ठेवलंय ते माझ्या एकटीचंच.

आणि मग रेवा समोर बसली. माझ्याच वयाची. तिचे आई-वडील पुण्याहून नोकरीसाठी येऊन कोरमंगल्यात राहिलेले. केस असे कुरळे की रिबीन लावली तर हरवून जाईल. आईनं तिला बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच्या कानाशी बोट नेलं आणि ते गोल गोल फिरवत खाली आणलं, एक बट सुटावी तसं. सगळ्या मुलांनी हात वर करून फिरवले. रेवानं ती खूण लगेच स्वतःच्या कानाशी करून बघितली. मला इतकं सुंदर नाव कुणी दिलं नव्हतं. मी डोळ्यांवर मूठ चोळणारी, आणि ही बटवाली.

मला तिचा हेवा वाटला. सरळ सांगायचं तर माझा जळफळाट झाला.

रेवाची धाकटी बहीण ओवी, पाच वर्षांची, तिला ऐकू येत नव्हतं. म्हणून तिला घेऊन रेवा स्वतःही शिकायला आली होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि कळूनही मला त्याचं काही वाटलं नाही, हे मी कबूल करते. मला दिसत होतं ते एवढंच की ती पहाटे उठून तालीम केल्यासारखी येते, आदल्या दिवशीच्या साठ खुणा तिला पाठ असतात, आणि आईच्या अगदी समोरची जागा ती पकडते. मी दिवसातून दहा वेळा तिच्या चुका काढायची. अंगठा आत घे. कोपर खाली. भुवया वर केल्याशिवाय प्रश्न होत नाही, एवढंही कळत नाही? ती प्रत्येक वेळी म्हणायची, “थँक यू, परत दाखव ना.” असल्या मुलीशी भांडायचं तरी कसं?

त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. जेवणानंतर आई गोष्टी सांगायची. वसतिगृहाच्या रखवालदाराच्या मिशा, रात्री पलंगाखाली दिवा नेऊन चाललेल्या गप्पा, बाईंची नक्कल. आई बाई व्हायची, मिशीवाला व्हायची, पलंगही व्हायची. मुलं लोळून हसायची. त्यांतली एकही गोष्ट मला माहीत नव्हती. तेरा वर्षं आम्ही दोघी दिवसरात्र बोलत होतो, पण माझ्याशी ती बोलायची ते कामाचं. कोण आलंय, काय म्हणतंय, विचार त्याला, सांग तिला. मी तिची इतकी उपयोगाची होते की तिला माझ्याशी गप्पा मारायला सुचलंच नसावं. आणि ही कोरमंगल्याची पोरगी आठ दिवसांत मिशीवाल्यापर्यंत पोचली.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी रेवाची आई आली. घाईत, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. आई शिवणाचे तुकडे आवरत होती. बाईंनी मला बाजूला घेतलं नाही, आईच्या समोरच उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून बोलल्या.

“अगं, काकूंना प्लीज विचारशील? वर्षभर दर शनिवारी आमच्याकडे येतील का? मी कॅब पाठवीन. रेवा शिकेलच, पण मला शिकायचंय. ओवी घरी आल्यावर हातवारे करून काय काय सांगते, आणि मी नुसती मान हलवते. माझ्याच मुलीचं मला काही कळत नाही, गं.”

त्यांचा आवाज शेवटी चिरकला. आईनं तुकडे खाली ठेवले आणि माझ्या हातांकडे बघितलं. ती नेहमी बघते तसं, निश्चिंत.

मी म्हणाले, “त्या म्हणतात, आभारी आहोत. मुली खूश आहेत. शिबिर छान झालं.”

आईचा चेहरा उजळला. ती म्हणाली, “सांग त्यांना, धाकटी फार हुशार आहे. तिच्याशी घरात बोलायला हवं. काहीही लागलं तरी मी आहे.”

मी बाईंकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “आई म्हणते, दुकानात फार काम असतं. जमणार नाही.”

एवढंच. तीन वाक्यं इकडची, दोन तिकडची. मला वाटलं होतं ते अवघड जाईल. अजिबात गेलं नाही. दार लोटून घ्यावं तितकं सोपं होतं.

बाईंचा चेहरा पडला. त्या “ओके, इट्स ओके” म्हणत निघून गेल्या. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. जिला आवाज नाहीत ती चेहरे वाचून जगते, हे मी विसरले होते. बसमध्ये तिनं विचारलं, “मी मदत करते म्हटलं, तर त्या अशा का झाल्या?”

“त्यांचं डोकं दुखत होतं,” मी म्हणाले.

शेवटच्या दिवशी मुलांनी शिवलेल्या पिशव्या खिडक्यांना टांगल्या होत्या. पालक फोटो काढत होते. मी फिलिप सरांसाठी माईकवर बोलून खाली उतरत होते तेव्हा मला हॉलच्या दुसऱ्या टोकाला रेवा दिसली, आईच्या समोर. ती माझी वाट बघत थांबली नव्हती. ती स्वतःच बोलत होती, तिच्या तेरा दिवसांच्या भाषेत. शब्दांचा क्रम चुकलेला, अंगठा बाहेर, पण भुवया बरोबर वर.

“तू. शनिवार. घर. नाही. का? ओवी रडते. आई रडते.”

आईला कळेना. तिनं पुन्हा सांगायला लावलं. रेवानं पुन्हा सांगितलं, अजून सावकाश. आईनं विचारलं, कुठला शनिवार? मी कधी नाही म्हटलं? रेवानं तिच्या आईकडून कळलेलं कालचं सगळं, ती कुठं उभी होती, मी कुठं होते, कोण काय म्हणालं, हातांनी उभं केलं. फार वेळ लागला. मी मध्ये पळत जाऊन थांबवू शकले असते. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले, कारण दुरूनही मला त्यातलं सगळं कळत होतं.

आईनं मान वळवून मला शोधलं. मग पुन्हा रेवाकडे वळून ती म्हणाली, “शनिवारी मी येते.” किती वाजता ते तिनं बोटांनी विचारलं आणि बोटांनीच ठरवलं. त्या दोघींना मी लागले नाही.

त्या दिवशी बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मॅजेस्टिकपर्यंत, आणि मग मॅजेस्टिकहून राजाजीनगरपर्यंत, ते बाहेर आले नाहीत. मी तिच्या गुडघ्याला हात लावला तर तिनं डोळे बाहेर वळवले. ऐकणारी माणसं रागावली तर दुसऱ्या खोलीतून तरी ओरडतात. आई रागावली आणि तिनं बघणं बंद केलं की घरात तिचं काहीच उरत नाही.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला, मला समोर बसवलं आणि म्हणाली, “मला नववीनंतर पुढं शिकायचं होतं. माझे वडील हॉस्टेलवर आले, बाईंशी बोलले, आणि बाईंनी मला सांगितलं, तुलाच शिकायचं नाहीये म्हणे. लग्नाच्या वेळी मला स्थळ पसंत आहे असं माझ्या काकानं सांगितलं. तुझ्या वेळी दवाखान्यात मला फारसं दुखत नाही असं तुझ्या आत्यानं सांगितलं. कुणी वाईट नव्हतं. सगळे माझ्या वतीनं बोलत होते. मला वाटलं होतं, मी बोलते तेच तू बोलतेस.”

मी रडत होते. तिनं माझे डोळे पुसले, म्हणजे मला तिचे हात नीट दिसावेत म्हणून.

“आणखी किती वेळा केलंस असं?”

“कधीच नाही. पहिल्यांदाच. देवाशपथ.”

ती माझ्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मी खरं सांगत होते. तिनं ते मानलं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तिनं मारलं नाही, अबोलाही धरला नाही. दुसऱ्या दिवशी इडल्या झाल्या, वेणी घातली गेली. फक्त तिनं एक छोटी वही आणि पेन घेतलं. भाजीवालीला त्यात लिहून दाखवायची, डॉक्टरांना लिहून दाखवायची, मोडक्या कन्नडमध्ये, तीन-तीनदा खोडून. मी बाजूला उभी असतानासुद्धा. “मी सांगते ना,” असं मी म्हणाले की ती म्हणायची, “राहू दे, जमतंय.” आणि शनिवारी ती एकटी बसनं कोरमंगल्याला जायची.

शनिवारी मी दुकानात अण्णांजवळ बसून ब्लाउजना हूक लावायची. अण्णा मला पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायचे. मशीन चालवता चालवता ते म्हणाले, “जाऊ दे ग पुट्टी. तिलाही स्वल्प तिचं स्वतःचं असू दे की.” पाच खुणांवर संसार करणारा माणूस मला शहाणपण शिकवत होता. मी हूक उलटे लावून ठेवले, आणि त्यांनी ते काही न बोलता उसवले.

मे महिन्यात दुपारी वारा पडतो, अंगण तापतं, आणि मग संध्याकाळी एकदम ढग येऊन दोन टपोऱ्या सरी पडतात. अशा संध्याकाळी मला अजून आई शनिवारची परत येताना दिसते, पावलं जलद, चेहऱ्यावर कुठल्याशा गप्पेचं हसू उरलेलं. घरात आली की ते हसू ती चपलांबरोबर बाहेर ठेवायची असं मला वाटायचं. ते खरं नव्हतं. मी समोर आले की मलाच ते दिसेनासं व्हायचं.

वर्षं गेली. रेवाची आई उत्तम बोलायला शिकली. ओवी कॉलेजात गेली. रेवा रीतसर शिकून दुभाषी झाली, कोर्टात, दवाखान्यात, मोठमोठ्या सभांत उभी राहते, काळा कुर्ता घालून, हात उठून दिसावेत म्हणून. आईची वही कपाटात गेली, कारण आता तिला कुठं जायचं असलं की रेवा जाते. आईच्या बोलण्यात नवनवीन खुणा येतात, देशभरातल्या मंडळींशी व्हिडिओवर बोलून शिकलेल्या, आणि मला त्या कळत नाहीत. माझ्या आईच्या भाषेतला शब्द मला रेवाला मेसेज करून विचारावा लागतो. ती लगेच व्हिडिओ पाठवते, दोन वेळा सावकाश करून, खाली हसरा चेहरा. ती चांगली आहे. ती थोडी जरी वाईट असती तरी माझे दिवस सुखाचे गेले असते.

यंदा आईला दिसायला कमी झालं. आधी ती म्हणाली, उजेड कमी आहे. मग म्हणाली, तुझी बोटं पुसट दिसतात. खिडकीशी बसूनही ती माझा हात धरून जवळ ओढायला लागली तेव्हा मी घाबरले. तिचे डोळे गेले तर तिचे कानही जातील, जीभही जाईल. मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया करून घ्या, असं कळलं. त्याआधी समजावून सांगायला डॉक्टरांनी बोलवलं तो दिवस नेमका शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यातला, शस्त्रक्रिया शिबिर संपल्यावरची.

आई म्हणाली, “रेवाला शिबिर सोडता येत नाही. तू येशील?”

सोळा वर्षांनी विचारलं. आधी रेवाचं नाव घेऊन विचारलं, तेही मी ऐकलं. मी सुट्टी टाकली.

आदल्या दिवशी रेवाचा मेसेज आला. “आई बोलेल ते ‘मी’ म्हणून बोल. ‘आई म्हणते’ असं नको, त्यानं डॉक्टर तुझ्याशी बोलायला लागतात. आणि काही गाळू नकोस, अगदी नकोसं वाटलं तरी.” मी तो चार वेळा वाचला, कुठं टोमणा आहे का बघायला. नव्हता.

डॉक्टरबाई वयस्कर, राजाजीनगरातल्याच, कन्नडमध्ये सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “एक अडचण आहे. यांना पूर्ण भूल देणार नाही, फक्त डोळ्यापुरती. जाग्या असतील. पण दुसरा डोळाही कापडाखाली जाईल, काही दिसणार नाही. मी खाली बघा, हलू नका असं सांगणार कसं? कुणीतरी आत बसून यांचा हात धरायला हवा. बोटांनी दाबून सांगायचं, आधी ठरवून ठेवायचं. कोण बसेल? तुम्हीच ना?”

मी आईला सांगितलं. अंधार, कापड, हात, बोटं. आणि शेवटचा प्रश्नही सांगितला, जसा विचारला तसा, ‘तुम्हीच ना’ सकट.

आई म्हणाली, “रेवा.”

“रेवा,” मी म्हणाले.

“ती कोण?” डॉक्टरांनी आईकडे बघून विचारलं. “आणि ही मुलगी आहे ना तुमची? मुलगी असताना दुसरं कुणी कशाला?”

हेही मी सांगितलं. शब्द न शब्द बरोबर होता. आईनं माझा हात जवळ ओढून तो नीट पाहिला, मग सोडला, आणि डॉक्टरांकडे तोंड करून उत्तर दिलं. मी बोलू लागले. “मुलगी आहे, म्हणूनच नको. माझं काही बिघडायला लागलं तर ती मला सांगेल की सगळं ठीक चाललंय. ती माझ्यावर माया करते. मला आत जे चाललं असेल तेच सांगणारा हात हवाय.”

मी ते मोठ्यानं बोलले, स्वच्छ कन्नडमध्ये, ‘मी’ म्हणून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. डॉक्टरांनी मान हलवली आणि रेवाचा नंबर विचारला. तो मी सांगितला.